कुळिथाचं कूळ

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तापी इथून गुजरातेत उतरते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, असा दूरचाच संबंध. तरीही समुद्री अर्चिन हा काटेरी प्राणी रोगजंतूंना ज्या प्रकारच्या प्रथिनांनी धरतो, तसलं एक प्रथिन धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवर पिकतं. कुळिथाच्या दाण्यात.

त्याचा गुण उघडकीला आला पुण्यात. १९५१ साली सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जी. डब्ल्यू. जी. बर्ड रक्तगटांवर काम करत होते. कृती साधी आहे. कच्चे कुळीथ दळायचे, पीठ मिठाच्या पाण्यात भिजवायचं, वरची निवळी घ्यायची. तिचा थेंब काचपट्टीवर ए गटाच्या रक्तपेशींत मिसळला की पेशी एकमेकींना चिकटतात, लाल रवाळ गुठळ्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. बी आणि ओ गटाच्या पेशी सहसा सुट्याच राहतात. निवळी बेताने पातळ केली, तर ए-१ आणि ए-२ हे पोटगटही वेगळे ओळखता येतात. बर्ड यांनी हे ‘करंट सायन्स’मध्ये छापलं. रक्तपेढ्या आजही ए-१ ओळखायला हेच प्रथिन वापरतात. वनस्पतिशास्त्राने कुळिथाचं नाव केव्हाच बदललं, बाटलीवर मात्र जुनं ‘डोलिकॉस’ टिकून आहे. (बाजारात ते कुळिथाच्या भावाने मिळत नाही, हे सांगायला नकोच.)

या विद्येचा मूळपुरुष एरंड. १८८८ मध्ये डोर्पाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूला, श्टिलमार्क या विद्यार्थ्याने एरंडीच्या विषाने रक्तपेशी एकमेकींना चिकटतात हे दाखवलं. अशा प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव मात्र १९५४ मध्ये विल्यम बॉइड यांनी दिलं.

लेक्टिनची पकड असते ती साखरेवर. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. ए गटात साखळीच्या टोकाला जी साखर असते, तीच कुळिथाचं प्रथिन धरतं. ए-२ पेशींवर ती कमी, म्हणून तिथे पकड ढिली.

अर्चिनला आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. जिवाणूंच्या पृष्ठभागावरच्या साखरा ओळखणं हा त्याच्या बचावाचा एक मोठा भाग. २००६ मध्ये जांभळ्या अर्चिनचा जीनोम वाचला गेला, तेव्हा अशा लेक्टिनांची जनुकं शंभरावर निघाली. त्यातली पुष्कळशी कॅल्शियमच्या आधाराने साखर धरणाऱ्या घराण्यातली. मॅनोज साखर धरून जंतू टिपणारं एक प्रथिन आपल्या रक्तातही आहे, तेही त्याच घराण्यातलं. म्हणजे नात्याने अर्चिन आपल्याला जवळचा.

कुळिथाचं प्रथिन या घराण्यातलं नव्हे. धंदा तोच, पण घडण निराळी, कूळ डाळवर्गीयांचं. ते दाण्यात नेमकं कशासाठी असतं, यावर एकमत नाही. किडीला आवर घालायला, असं एक मत आहे. उकळलं की त्याची घडी मोडते आणि पकड जाते. म्हणून रक्तपेढीच्या कामाला दाणा कच्चाच लागतो.