शेअर तुमचा, पण नोंद कुणाची?

कंपनीच्या कारभारात काहीतरी गडबड आहे असा भागधारकाला संशय आला, तर त्याला कंपनीचं दप्तर बघता येतं का? अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यातलं कलम २२० म्हणतं, हो. शपथेवर लेखी मागणी करायची, तिच्यात योग्य कारण सांगायचं. कंपनीने नकार दिला किंवा कामकाजाच्या पाच दिवसांत उत्तर दिलं नाही, तर चॅन्सरी कोर्टात जायचं. पण तिथे आधी एक गोष्ट सिद्ध करावी लागते : तुम्ही खरंच भागधारक आहात.

यात अवघड ते काय, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९६० च्या दशकात शेअर म्हणजे कागदी सर्टिफिकेट. व्यवहार इतके वाढले की ते कागद इकडून तिकडे पोचवताना दलालांची ऑफिसं मेटाकुटीला आली. साचलेलं काम उपसायला १९६८ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजार कित्येक बुधवारी बंद ठेवावा लागला. यावर तोडगा म्हणून १९७३ मध्ये डिपॉझिटरी ट्रस्ट कंपनी आली. सर्टिफिकेटं एकाच जागी ठेवायची आणि खरेदी-विक्री फक्त खात्यांत नोंदवायची.

सोय झाली, पण कंपनीच्या नोंदवहीत आता नाव लागलं ते ‘सीड अँड कंपनी’ या डिपॉझिटरीच्या नामधारी संस्थेचं. ज्याने पैसे घातले तो ‘लाभार्थी मालक’. शेअर त्याचे, पण वहीत त्याचं नाव नाही. आणि कलम २२० चा हक्क होता फक्त वहीत नाव असणाऱ्याला!

ही अडचण २००३ मध्ये दूर झाली. लाभार्थी मालकालाही हक्क मिळाला, पण एका अटीवर : मागणीसोबतच मालकीचा कागदोपत्री पुरावा जोडायचा आणि तो खरी प्रत आहे असं शपथेवर सांगायचं.

ही अट किती कडक, ते २०१२ मध्ये दिसलं. न्यूज कॉर्पोरेशनने रूपर्ट मर्डॉक यांच्या मुलीची ‘शाइन’ कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. त्या व्यवहाराची कागदपत्रं एका कामगार पेन्शन फंडाने मागितली, पण मागणीसोबत मालकीचा पुरावा नव्हता. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावरच फंडाचा दावा फेटाळणं कायम ठेवलं. दप्तर उघडलंच नाही.

संशोधनाला लागणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, निकाल वाचताना त्या वेळी कलमाचा मजकूर काय होता ते आधी बघा. २००३ पूर्वीचा निकाल आजच्या कलमासमोर ठेवून वाचलात, तर न्यायाधीश विनाकारण आडमुठे वाटतील. दोन, निकाल आणि त्याचं कारण वेगवेगळं टिपून ठेवा. याच खटल्यात खालच्या कोर्टाने दावा फेटाळला तो वेगळ्या कारणाने : फंडाने त्याच सुमारास कंपनीच्या वतीने संचालकांवर खटलाही भरला होता, मग आता चौकशीसाठी कागद कशाला हवेत? दोन्हीकडे फंड हरला, पण कायद्याचे मुद्दे दोन. आणि शाइनचा व्यवहार योग्य होता की नाही, यावर या निकालात काहीच ठरलेलं नाही. ‘फंड हरला’ एवढंच वहीत लिहिलंत, तर नेमका अभ्यासाचा भागच निसटेल.