दंतवैद्याच्या खुर्चीचे भय

एरवी कशालाही न डगमगणारा धट्टाकट्टा गृहस्थ दाढेच्या ठणक्याने रात्रभर येरझारा घालतो. आणि उजाडल्यावर दंतवैद्याकडे जाण्याऐवजी दाढेखाली लवंग धरून आणखी आठ दिवस काढतो. आपण त्याला हसतो. परंतु या भयाला इतिहास आहे, आणि तो ठाऊक झाला म्हणजे हसू ओसरते.

अठराव्या शतकापर्यंत युरोपात दात उपटण्याचे काम बहुधा न्हावी व बाजारोबाजार हिंडणारे दातउपटे करीत. रोगी जमिनीवर बसे आणि उपटणारा त्याचे डोके आपल्या गुडघ्यांत दाबून धरी. फ्रान्समधील प्येर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या रीतीचा निषेध करून रोग्याला खुर्चीत बसवावे, असे सांगितले. जी खुर्ची रोग्याच्या सोयीसाठी पुढे आली, तीच पुढे भयाची खूण ठरली. कारण बसण्याची जागा बदलली, तरी वेदना होती तशीच राहिली.

ती वेदना हटविण्याचा ध्यास अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने घेतला. १० डिसेंबर १८४४ रोजी तेथे हास्यवायूचा जाहीर प्रयोग झाला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला तिची जाणीवही नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या वेल्स यांनी हे हेरले, आणि दुसऱ्याच दिवशी तोच वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. प्रयोग त्यांनी प्रथम स्वतःवर केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढच्याच महिन्यात बोस्टन येथे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी हे प्रात्यक्षिक केले. वायूची पिशवी जरा लवकर दूर झाली, रोगी ओरडला, आणि सभेने वेल्स यांना भोंदू ठरविले. आपल्याला नेहमीइतकी वेदना झाली नाही, असे त्या रोग्याने मागाहून सांगितले. पण सभेने ऐकली ती केवळ किंकाळी. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी वेल्स यांचेच एके काळचे सहकारी विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी केला आणि शस्त्रक्रियेचे युग पालटले. खचलेल्या वेल्स यांनी १८४८च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या तुरुंगात आपले जीवन संपविले. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांच्या शोधाचा मान १८६४ साली त्यांना दिला. तो पाहण्यास ते उरले नव्हते.

त्यानंतर सुधारणा वेगाने झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी नोव्होकेन आले. १९४८ साली लिग्नोकेन बाजारात आले, आणि केवळ जबड्याचा तेवढा भाग बधिर करणे सोपे व निर्धोक झाले. पायाने चालविण्याच्या कुरकुरत्या यंत्राची जागा १९५७ पासून वाऱ्याच्या झोताने फिरणाऱ्या वेगवान यंत्राने घेतली.

वेदना अशी बहुतांशी आटोक्यात आली, मग भय का उरले? बोस्टनच्या सभेप्रमाणे आपणही किंकाळीच ध्यानात ठेवतो, म्हणून. वडीलधाऱ्यांच्या कहाण्या, बालपणीचा एखादा अनुभव, यंत्राचा आवाज हे मनात घर करून बसते. भयामुळे आपण टाळाटाळ करतो. तोवर कीड खोल जाते, उपचार अवघड होतो, आणि भय खरे ठरल्यासारखे वाटते.

हे चक्र तोडण्याचे उपाय साधे आहेत. आपल्याला भीती वाटते, हे दंतवैद्याला आधीच मोकळेपणाने सांगावे. पहिली भेट केवळ तपासणीची ठेवावी. हात वर केला की काम थांबेल, असा संकेत ठरवून घ्यावा. आपण थांबवू शकतो, या जाणिवेनेच निम्मा धीर येतो. सुईचे भय असल्यास हिरडीवर आधी बधिर करणारा लेप लावण्याविषयी विचारावे. आणि घरोघरच्या मातापित्यांना एक विनंती : ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक मुलांना घालू नये. ज्या वेदनेवर मात करण्यासाठी एका माणसाने आपले आयुष्य वेचले, तिचे भय पुढच्या पिढीच्या पदरी घालण्याचे कारण नाही.