भारव्यायाम, रक्तदाबाची उसळी व रक्तवाहिन्या

वजन उचलताना किंवा ढकलताना रोहिण्यांतील दाब काही सेकंदांपुरता झपाट्याने चढतो. या उसळीचे रक्तवाहिन्यांवरील परिणाम हा या नोंदीचा विषय. तालीम आणि हमाली या दोन्हींमुळे सातारा-सांगलीत तो पुस्तकी राहत नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, तर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाच्या 55 किलो गटात रौप्यपदक जिंकणारा संकेत सरगर सांगलीचा.

संकेतने त्या दिवशी स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलले. सुवर्ण एका किलोने हुकले. शरीराच्या सुमारे अडीचपट भार डोक्यावर नेताना भारोत्तोलक श्वास रोखून पोट आवळतो, कारण त्याशिवाय कणा ताठ राहत नाही. आवळलेले स्नायू त्यांच्यातील रक्तवाहिन्या चेपतात आणि छातीतला वाढलेला दाब थेट महारोहिणीवर येतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या रोहिणीत बारीक नळी घालून हा दाब मोजला (1985). दोन्ही पायांनी वजन ढकलताना तो सरासरी 320/250 पर्यंत चढला, एकाचा तर 480/350 पर्यंत. विश्रांतीत हाच आकडा 120/80 च्या आसपास असतो.

आकडे धडकी भरवणारे आहेत, पण सगळी हकिगत त्यांत येत नाही. श्वास रोखल्यावर छातीतला आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचाही दाब वाढतो. त्यामुळे तिथल्या वाहिन्यांना बाहेरून आधार मिळतो आणि त्यांच्या भित्तींवर प्रत्यक्षात कमी ताण पडतो. वजन खाली ठेवताच दाब कोसळतो. जड बार टेकवल्यावर काहींना भोवळ येते ती यामुळेच.

वाहिनीचा आतला पातळ स्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून तिला सैल ठेवतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठ्या माणसांची ही क्षमता जड वजन ढकलल्यानंतर घटलेली दिसली. सरावलेल्यांची टिकून राहिली. 2004 च्या जपानी अभ्यासात चार महिने जड भारव्यायाम करणाऱ्या तरुणांच्या मानेतील रोहिणीची लवचिकता सुमारे 19 टक्के घटली आणि व्यायाम थांबवल्यावर पूर्ववत झाली. इतर काही संशोधकांना असा फरक आढळला नाही. पुढच्या एकत्रित विश्लेषणात ताठरपणा जड भारापुरताच दिसला, मध्यम भारात नाही. भारव्यायामानंतर पळणे किंवा सायकल चालवणे जोडल्यास तो टळतो, असेही आढळले आहे. पहाटेचे पळणे, जोर-बैठका आणि मातीतल्या लढती या सगळ्यांसोबत मुद्गल फिरवणारी जुनी तालीम म्हणूनच फारशी चुकीची नव्हती. पैलवानाची खरी गोची आखाडा सुटल्यावर होते: मेहनत थांबते, खुराक मात्र चालूच राहतो.

हमाली ही गोष्ट वेगळी. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी ज्यांना संघटित केले आणि ज्यांच्यासाठी 1969 चा माथाडी कायदा झाला, त्या कामगारांना भार निवडता येत नाही आणि मध्ये पुरेशी विश्रांतीही मिळत नाही. कोपनहेगनमधील मोठ्या पाहणीत (2021) फावल्या वेळच्या हालचालीने हृदयविकाराचा धोका घटला, तर अंगमेहनतीच्या कामाने वाढला. ‘दिवसभर पोती उचलतो, त्याला व्यायाम कशाला’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

महारोहिणीला फुगवटा असलेल्यांना मात्र ही उसळी घातक ठरू शकते: भित्ती फाटण्याचा धोका असतो आणि फुगवटा बहुधा आधी कळलेला नसतो. दाब 180/110 च्या वर असताना वजन उचलू नये. इतरांच्या बाबतीत मध्यम भाराचा नियमित व्यायाम विश्रांतीतील रक्तदाब थोडा उतरवतोच. जोर लावताना श्वास सोडावा, आणि चाळिशीनंतर प्रथमच व्यायामशाळेत जाणाऱ्याने वजनाला हात लावण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा.