हुजूरपागा आणि ‘शिकलेली बाई’

पेशवाईतील पागेच्या जागेवरून हुजूरपागा हे नाव पावलेली मुलींची शाळा न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी १८८४ साली पुण्यात स्थापन केली, तेव्हा इंग्रजी शिकलेली स्त्री शहरात विरळाच होती. परंतु नारायण बापूजी कानिटकरांच्या १८८६ च्या ‘तरुणी शिक्षण नाटिके’ने तिचे उद्धट, गृहकृत्यविमुख चित्र लोकांपुढे उभे केले, आणि टिळकांच्या वृत्तपत्रांनी शाळेच्या अभ्यासक्रमावर हत्यार उपसले. जी फारशी कोणी पाहिलीच नव्हती, तिची धास्ती मात्र घरोघर दाखल झाली! १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून आगरकरांनी स्त्रीशिक्षणाचा कैवार निर्भीडपणे घेतला खरा. तथापि, माझ्या मते, त्या विडंबनाला खणखणीत जबाब दिला तो हुजूरपागेच्या हजेरीपटानेच.