राजमस्तक आणि सुई : चिनी इतिहासातील शिरोवेदनेचे तीन दाखले

सूचिवेधाने, म्हणजे ज्याला आज सर्वत्र अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात त्या उपचाराने, डोकेदुखी शमविण्याची कला चीनमध्ये फार जुनी आहे. तिची महती सांगताना ह्वा त्वो हा वैद्य आणि त्साओ त्साओ हा सत्ताधीश यांची कथा बहुधा पुढे केली जाते. वैद्याने कवटी फोडून रोग काढण्याचा उपाय सुचविला, हा आपल्याला मारण्याचाच कट आहे असा संशय राजाला आला आणि वैद्य प्राणास मुकला, असे तिचे प्रचलित रूप आहे. परंतु हे रूप इतिहासाचे नव्हे. ते चौदाव्या शतकातील लेखकाच्या नावावर असलेल्या तीन राज्यांवरील प्रसिद्ध कादंबरीचे होय. मूळ दाखल्यांत कवटीचा उल्लेख नाही; सुईचा आहे. त्या सुईविषयी हे दाखले नेमके काय म्हणतात, हे पाहणे उद्बोधक ठरते.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात छन शोउ याने तीन राज्यांचा इतिहास रचला. त्यातील ह्वा त्वोच्या चरित्रात त्साओ त्साओच्या व्याधीला 'तोउफंग', म्हणजे शब्दशः 'डोक्यातील वारा', असे नाव दिले आहे. झटका आला की त्याचे चित्त भ्रमिष्ट होई व डोळ्यांपुढे अंधारी येई. या वर्णनावरून अर्धशिशी, मेंदूतील गाठ इत्यादी निदाने अर्वाचीन लेखकांनी केली आहेत. तथापि दोन-तीन लक्षणांवर एवढी इमारत उभारणे युक्त नव्हे. तसेच 'वारा' हा शब्द पाहून आयुर्वेदातील वातदोषाशी त्याचे समीकरण मांडणेही घाईचे होईल. चिनी वैद्यकात वारा हा पुष्कळदा बाहेरून शरीरात शिरणारा विकारकर्ता मानला आहे.

छन शोउच्या मते ह्वा त्वो 'ग' या ठिकाणी सुई टोचीत असे आणि वेदना तत्काळ थांबत असे. 'ग' म्हणजे छाती व पोट यांमधील पडदा. दुखणे मस्तकात आणि सुई मस्तकापासून इतकी दूर, यावरून शरीरभर फिरणाऱ्या वाहिन्यांची कल्पना या उपचारामागे असावी असे दिसते. पाचव्या शतकात फान ये याने हाच वृत्तांत पुन्हा लिहिला, तेव्हा टोचण्याचे स्थान मात्र गाळले.

याहून महत्त्वाचे आहे ते वैद्याचे स्वतःचे मत. पुढे व्याधी बळावली, तेव्हा ह्वा त्वोने स्पष्ट सांगितले की हा रोग बरा होणे कठीण आहे. सतत उपचार चालू ठेवल्यास आयुष्याची काही वर्षे वाढतील एवढेच. रोग मुळापासून काढण्याचे आश्वासन त्याने दिले नाही. नंतर तो घरी गेला आणि पत्नीच्या आजाराचे निमित्त सांगून परतेना. त्साओ त्साओने चौकशीस माणसे धाडली : पत्नी खरोखर आजारी असेल तर चाळीस माप कडधान्य द्यावे व रजा वाढवावी, खोटे असेल तर धरून आणावे. ते खोटे निघाले. श्युन यू या मंत्र्याने त्याच्यासाठी रदबदली केली, परंतु ती व्यर्थ गेली. ह्वा त्वोने आपला एक ग्रंथ तुरुंगाच्या रखवालदारास देऊ केला. भीतीने त्याने तो घेतला नाही, तेव्हा वैद्याने तो जाळून टाकला. आपले महत्त्व टिकावे म्हणून याने रोग मुद्दाम शिल्लक ठेवला, असा ठपका त्साओ त्साओने मागाहून ठेवला. मात्र इ. स. २०८ मध्ये त्याचा लाडका पुत्र त्साओ छोंग आजारात दगावला, तेव्हा वैद्यास मारल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. कादंबरीने वैद्याचा मृत्यू त्साओ त्साओच्या अंतकाळी, म्हणजे इ. स. २२० मध्ये, आणून ठेवला आहे. वस्तुतः तो २०८ पूर्वीच झालेला होता.

दुसरा दाखला इ. स. ६८३ चा. तांग सम्राट गाओत्सुंग याला डोके जड होऊन असह्य त्रास होत होता व दृष्टी मंदावली होती. छिन मिंगह या राजवैद्याने मस्तकावर टोचून थोडे रक्त काढण्याचा सल्ला दिला. पडद्याआडून सम्राज्ञी वू संतापली : राजाच्या मस्तकातून रक्त काढू पाहणाऱ्याचा शिरच्छेदच करावयास हवा. सम्राटाने मात्र अनुमती दिली. माथ्यावरील 'पायह्वै' या स्थानी टोचताच आपल्याला स्पष्ट दिसू लागल्याचे त्याने सांगितले. इ. स. १०८४ मध्ये पूर्ण झालेल्या सिमा ग्वांगच्या इतिहासात असेही आहे की सम्राज्ञीने रंगीत रेशमाचे शंभर ठाण स्वतः वाहून आणून वैद्यास बक्षीस दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सम्राट निवर्तला. म्हणजे येथेही सुईने उतार दिला. व्याधी निवारली नाही.

सम्राज्ञीचा तो आक्षेप मात्र दीर्घायुषी ठरला. इ. स. १८२२ मध्ये छिंग सम्राट दाओग्वांग याने राजवैद्यकशाळेतील सूचिवेध व दाहकर्म यांची शाखा कायमची बंद केली. सुई टोचणे व दवण्याच्या कुळातील वनस्पतीने शेक-डाग देणे हे राजसेवेस उचित नव्हे, हे कारण आज्ञेतच नमूद आहे. या कलेच्या ऱ्हासाचे हेच एकमेव कारण मानणे चूक होईल. श्यू दाछुन या वैद्याने १७५७ मध्येच सूचिविद्या लोप पावत चालल्याची खंत नोंदविली होती. शिवाय आज्ञा राजवाड्यापुरती होती. लोकांमध्ये उपचार चालूच राहिला. तथापि राजदेह अस्पर्श्य मानण्याची वृत्ती विद्येला राजाश्रयापासून कशी वंचित करते, याचे हे ठळक उदाहरण होय.

आता या दाखल्यांचे मोल काय, हा प्रश्न उरतो. अर्धशिशी टाळण्यासाठी सूचिवेध किती उपयोगी, याचा कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा २२ चाचण्या व ४,९८५ रुग्ण यांवर आधारलेला आहे. नेहमीच्या उपचारात सूचिवेधाची भर घातल्यावर १०० पैकी ४१ जणांत झटक्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. ती भर नसताना १७ जणांत. परंतु लटक्या सूचिवेधाशी तुलना करता हे आकडे अनुक्रमे ५० व ४१ असे होते. म्हणजे गुण आहे, पण नेमक्या बिंदूचा त्यातील वाटा लहान आहे. अर्थात जुन्या कथांमधील तत्काळ उतार आणि चाचण्यांतील झटक्यांचा प्रतिबंध या एकच गोष्टी नव्हेत. म्हणून एकीने दुसरी सिद्ध होत नाही.

एवढे मात्र निश्चित म्हणता येते की ह्वा त्वोने आपल्या उपचाराची जी मर्यादा सांगितली, ती त्याच्या कीर्तीच्या कथांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. उतार मिळेल, उपचार चालू ठेवावा लागेल, समूळ नाशाची हमी नाही, हे त्याचे म्हणणे होते. दंतकथेने त्याच्या हाती कुऱ्हाड दिली. इतिहासाने दिली ती सुई आणि एक प्रांजळ निदान. सत्ताधीशाला सुई मानवली, परंतु ते निदान मानवले नाही.