राजाचे दुखणे आणि शल्यवैद्यांचा मान

फ्रान्सचा चौदावा लुई स्वतःस सूर्यराजा म्हणवून घेई. सन १६८६ च्या आरंभी या सूर्यास एका लहानशा गाठीने ग्रासले. गुदद्वाराजवळ सूज आली, तिचे गळू झाले, पू वाहू लागला आणि जखम काही मिटेना. घोड्यावर बसणेही दुःसह झाले. राजवैद्यांनी लेप, पोटिसे व बस्ती यांची शिकस्त केली. पण गुण आला नाही.

गुण न येण्याचे कारण आज स्पष्ट आहे. गुदनलिकेच्या आतील बाजूस सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांचे तोंड बुजले की जंतू वाढतात, आणि साचलेला पू वाट काढीत कातडीपर्यंत येतो. गळू फुटले, तरी आतले तोंड उघडे राहिल्यास ती वाट कायम होते. हाच भगंदर. मूळ आत असताना बाहेरचा लेप काय करणार?

अखेर शल्यवैद्य फेलिक्स यास पाचारण झाले. त्या काळी शल्यवैद्यांची गणना न्हाव्यांच्या पंक्तीत होत असे. फेलिक्सने पॅरिसच्या रुग्णालयांतील गोरगरिबांवर कित्येक महिने हात बसविला आणि वाकडा सुरा मुद्दाम घडवून घेतला. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्साय येथे, भूल दिल्यावाचून, त्याने तो मार्ग उघडा केला. राजाने त्याच दिवशी दरबारी काम पाहिले. पुढे पुन्हा काही छेद घ्यावे लागले. १६८७ च्या आरंभी तो बरा झाला. फेलिक्सला धन व सरदारकी मिळाली, शल्यविद्येची प्रतिष्ठा वाढली, आणि १७३१ मध्ये पॅरिसला शल्यवैद्यांची राजमान्य अकादमी स्थापन झाली.

भारतात सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार फार पूर्वीच वर्णिले होते. एषणी घालून मार्ग शोधणे, शस्त्राने तो उघडणे आणि क्षार लावलेल्या सूत्राने तो हळूहळू छेदणे, हे उपाय त्याच्या संहितेत आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदू विद्यापीठात प्रा. देशपांडे यांनी क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, या उपायाने जखम भरण्यास वेळ अधिक लागला, परंतु रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी आढळले.

आज बोटाच्या तपासणीस चुंबकीय प्रतिमेची जोड मिळाली आहे. मलनियंत्रक स्नायू दुखावला जाऊ नये म्हणून मार्ग कोठून जातो हे आधी पाहावे लागते. गळू असेल तर पू त्वरित काढावा लागतो. केवळ औषधाच्या गोळ्यांवर विसंबणे धोक्याचे, आणि मधुमेह्यांस तर विशेषच.

राजाचे दुखणे साऱ्या युरोपात चर्चिले गेले. ज्यांच्या देहावर फेलिक्सचा हात बसला, त्यांना मात्र कोणी गौरविले नाही. आजही अनेकजण संकोचापायी हे दुखणे महिनोन्महिने झाकून ठेवतात. राजाला जे लपविता आले नाही, ते सामान्य माणसाने लपवून प्राण का पणाला लावावेत?