१३४० फसलीचे रान

‘रानात गेलाय’ म्हटले की आपल्याकडे माणूस शेतात गेला असे समजतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, सगळीकडे हीच बोली. खरीखुरी झाडी पाहायची तर चिंचोळीच्या डोंगराकडे जावे लागते. मुल्लामारी नदी आणि चंद्रमपल्लीचे धरण यांच्या आसपास अजून रान टिकून आहे. २०११ साली त्यातल्या सुमारे १३५ चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. त्या रानाच्या पोटात आणि कडेकडेने लमाणांचे तांडे आहेत. पावसाळा सरता सरता डोंगरची सीताफळे बाजारात येतात, तेवढ्यापुरता आपला त्या रानाशी संबंध, असे आपण धरून चालतो.

पण या तांड्यांपुढे आज जो हिशेब आहे, तो आपल्या घरच्या पेटीतल्या जुन्या कागदांशी थेट जुळणारा आहे. २००६ चा वनहक्क कायदा दोन तऱ्हेच्या माणसांना ओळखतो. माणूस अनुसूचित जमातीचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण रानात राहतो आणि रानावर जगतो एवढे त्याने दाखवावे. तो जमातीचा नसेल, तर त्याने तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करावे. आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षे, हेही कायद्यानेच ठरवून टाकले आहे. ७५ वर्षे मागे मोजली की आपण डिसेंबर १९३० मध्ये पोचतो. त्या वेळी आपल्या या मुलखात सरकारी दप्तरात इसवी सन नव्हतेच. साल होते १३४० फसली, आणि दप्तराची भाषा होती उर्दू.

लमाण किंवा बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत, आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. तेव्हा चिंचोळीच्या तांड्यातल्या एखाद्या राठोडाला १३४० फसलीपर्यंत जावे लागते, तर हद्दीपलीकडे तांडूर-जहिराबादच्या बाजूला राहणाऱ्या त्याच्या सोयऱ्याला २००५ पर्यंतचा पुरावा पुरतो. रान तेच, गोत तेच, बोली तीच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत राज्यही एकच होते.

त्या राज्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, रान आणि माणूस यांच्या नात्याचा अभ्यास झाला होता आणि त्या अभ्यासाने कायदाही बदलला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती घडली आपल्यापासून दूर, संस्थानच्या उत्तर टोकाला आदिलाबाद जिल्ह्यात. आज नांदेडमध्ये असलेला किनवट आणि चंद्रपूरमध्ये असलेला राजुरा हे भाग त्या वेळी याच जिल्ह्यात होते.

तिथले गोंड डोंगरावरची हलकी जमीन कसत. अशी जमीन काही वर्षे पिकवायची, मग पडीक टाकायची आणि तोवर दुसरी धरायची, ही त्यांची रीत. जमिनीचा कस राखण्याचे ते शहाणपणच होते. पण जंगलात खात्याने राखीव रानाच्या हद्दी आखल्या तेव्हा पडीक टाकलेली जमीन ‘रिकामी’ ठरली आणि हद्दीच्या आत गेली. खाली सपाटीवर रस्ते आणि रेल्वे आल्यावर बाहेरचे शेतकरी येऊन वसत होते. त्यांत आपले मराठी बोलणारे लोकही पुष्कळ होते, हे आपण मोकळेपणाने कबूल करावे. सपाटीवर कुणबी, डोंगरावर फॉरेस्ट गार्ड. मधला गोंड जाणार कुठे? झोपड्या उठवल्या गेल्या, जाळल्याही गेल्या. आसिफाबाद तालुक्यात जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्यांचे गोंड-कोलाम सोबती हटून बसले. १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले.

नेमक्या त्याच वेळी हैदराबादेत एक विचित्र पाहुणा होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म १९०९, व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्याजवळ जर्मन पासपोर्ट होता, त्यामुळे इंग्रजांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाली. एरवी माणूस अशा वेळी हात चोळत बसेल. या गृहस्थांनी पत्नी बेटी यांच्यासह आधी चेंचूंचा, मग रेड्डींचा, आणि पुढे आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास केला. मार्लवाई या गोंड गावात ते गावकऱ्यांसारखे राहिले. मग त्यांनी सरकारला अहवाल दिले. कोणती जमीन कोणाची होती, ती रानाच्या हद्दीत कशी गेली, गार्ड कशासाठी पैसे घेतो, सावकार कसा शिरतो, हे सारे त्यांनी लिहून काढले. १९४५ मध्ये हे अहवाल पुस्तकरूपाने आले. सरकारने त्यांना आदिवासींच्या बाबतीतले सल्लागार नेमले. हजारो गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे मिळाले, आणि १३५६ फसलीत, म्हणजे १९४६ मध्ये, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियमावलीही निघाली.

या कथेत मराठीचाही एक धागा आहे. १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना सुरू झाली तेव्हा शिक्षक आणायचे कुठून? थोडीफार अक्षरओळख असलेले गोंड तरुण मिळाले ते मराठी अक्षरे शिकलेले. म्हणून गोंडी भाषेची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत तयार झाली. निजामाचे राज्य, ऑस्ट्रियाचा पंडित, गोंडी भाषा आणि आपली बाळबोध लिपी! असा मेळ आपल्याच जुन्या राज्यात जमू शकत होता. १९५६ नंतर तिथल्या शाळांत तेलुगू आली आणि तो धागा तुटला.

तुटले तेवढेच नाही. पट्टे देणारे अधिकारी बदलले, कागदावरची नियमावली कागदावर राहिली, आणि जमिनी पुन्हा हातोहात गेल्या. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातल्या लमाणांना जमातीचा दर्जा मिळाला. त्यानंतर मराठवाड्यातून आदिलाबादेत तांडेही आले, आणि गोंड व लमाण यांच्यात जमिनीवरून जी तेढ पडली ती अजून निवळलेली नाही. म्हणजे चिंचोळीच्या लमाणाला जो दर्जा मिळाला असता तर सोपे गेले असते, त्याच दर्जावरून आदिलाबादच्या गोंडाला राग आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. हायमेनडॉर्फ उतारवयात वरचेवर तिकडे जात राहिले आणि आपल्या कामाची पडझड त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. १९९५ मध्ये ते वारले. त्यांच्या आणि बेटीबाईंच्या अस्थी आज मार्लवाईलाच आहेत. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. तो अभ्यास लोकांविषयी होता, पण इंग्रजीत होता आणि सरकारच्या हाती पडण्यासाठी लिहिलेला होता. सरकार फिरले तेव्हा लोकांच्या हाती त्यातले काही उरले नाही.

पुढच्या काळात सरकारलाही कळून चुकले की नुसत्या गार्डाच्या काठीने रान राखता येत नाही. १९८८ चे वनधोरण, १ जून १९९० चे केंद्राचे परिपत्रक आणि १९९३ चा कर्नाटकाचा आदेश, असे करत ग्राम अरण्य समित्या आल्या. लोकांनी रोपे राखायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. कल्पना वाईट नव्हती. बंगालात अराबारी इथे १९७० च्या दशकात एका वनाधिकाऱ्याने ती करून दाखवली होती. पण बहुतेक ठिकाणी रोपे कुठली, पैसा किती, समितीची बैठक केव्हा, हे खात्यानेच ठरवले. योजना संपली की फलक गंजले. याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

लिहिण्यासारखे आहे ते गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाविषयी. धानोरा तालुक्यातले हे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गाव. तिथे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी १९८० च्या दशकात अभ्यासगट सुरू केले. अभ्यासगट म्हणजे काय, तर गावातली माणसे बसून एकेक प्रश्न धरायची. मध काढताना पोळे का मरते? नदीत विष कालवून मासे धरले तर पुढच्या वर्षी मासे किती मिळतात? बांबू कोण तोडतो, कोणाला विकतो, आपल्या हाती किती पडते? बाहेरचा जाणकार माहिती सांगायला यायचा, निर्णय सांगायला नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी नकार असला तरी विषय पुन्हा चर्चेला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा अनेकांनी ऐकली असेल. घोषणेमागे हा चिकाटीचा अभ्यास होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

त्याचे फळ यायला वेळ लागला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना खात्याकडेच होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. हक्क रानावर होताच. रानातले बांबू विकण्याची लेखणी त्या दिवशी गावाच्या हाती आली.

मेंढ्याचे लोक जमातीचे, त्यांना १३४० फसलीची अट नव्हती. आपल्याकडच्या तांड्यांना आहे. मग त्यांनी काय करावे? कायद्याचे २००८ चे नियम उघडून पाहिले तर त्यात पुराव्यांची मोठी यादी सापडते. गॅझेटियर, जनगणना, नकाशे आहेतच. पण जुन्या संस्थानांचे दप्तरही चालते. नामांकित संस्थांनी केलेले सामाजिक संशोधनही चालते. विहिरी, स्मशान, देवस्थान या खुणाही चालतात. वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्धांनी सांगितलेली, लिहून घेतलेली हकीकतही चालते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही.

यातली वंशावळ तांड्यांजवळ आहे. लमाणांचे ढाडी पिढ्यान्‌पिढ्या गोतांची नावे गाऊन सांगत आले. नायकाच्या नावावरून तांड्याचे नाव पडते, तेव्हा तांड्याचे नाव हाही एक पुरावाच म्हणायचा. मात्र हे लोक एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून सैन्यामागे फिरणारे. रेल्वे आणि सडका आल्या, लदेणी बुडाली, तेव्हा रानाच्या कडेला स्थिरावले. फिरत्या माणसाचे नाव सेतवारात कसे येणार? त्यात जहागिरी, पायगा, सर्फ-ए-खास यांची दप्तरे वेगवेगळी. निजामाचे दप्तर शोधणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि उर्दू व मोडी वाचणारे लोक शोधावे लागले. एका मोठ्या समाजामागे सरकार उभे राहिले म्हणून ते झाले. चिंचोळीच्या चाळीस घरांच्या तांड्यामागे कोण उभे राहणार? अभयारण्यातून उठवायचे तर वनहक्क कायद्याने आधी हक्क ठरवायला हवेत आणि ग्रामसभेची संमतीही हवी. हक्कच ठरले नाहीत, तर संमती विचारायची कोणाला?

१३४० फसलीत दहा वर्षांचे असलेले पोर आज असते तर त्याने नव्वदी केव्हाच ओलांडली असती. पण पोलिस ॲक्शनच्या वेळी आठ-दहा वर्षांचे असलेले म्हातारे-म्हाताऱ्या काही तांड्यांत अजून आहेत. विहीर कोणी खोदली, सेवालाल महाराजांचे ठाणे कुठे होते, आजोबाने पहिले झोपडे कुठे घातले, हे ते सांगू शकतात. सांगणार ते गोरबोलीत, अर्ज लिहायचा कन्नडमध्ये, आणि जोडायची नक्कल उर्दूत. निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले आणि घरात मराठी बोलणारे, कोर्टकचेरीत कन्नड निभावणारे आजोबा आपल्या भालकी-आळंदच्या घरांतून होते. काही घरांत अजूनही आहेत, चष्म्याचा नंबर वाढलेला असला तरी शिकस्ता अक्षर लावणारे.